बोरझिऱ्याची नेत्ररक्षण समिती

सोमवार, २७ जुलै १९८१

छगन न्हाव्याचे डोळे आले. सुरतेला मेव्हण्याकडे चार दिवस राहून काल परतला आणि आज सकाळी पाहतो तर दोन्ही डोळे लालबुंद. तरी गडी धोपटी घेऊन सुकदेव आबांच्या ओट्यावर हजर. आबा म्हणजे आमचे सरपंच. अर्धी दाढी झाल्यावर त्यांचं लक्ष छगनच्या तोंडाकडे गेलं. त्याच्याच पंच्याने साबण पुसून, राहिलेली अर्धी दाढी तशीच घेऊन ते शाळेत आले. "गुरुजी, छगनना डोया उनात. आते मना बी येतीन का?"

मी त्यांना पेपर दाखवला. हे आपल्याकडचं नेहमीचं डोळे येणं नव्हे. ही साथ आहे, विषाणूची आहे, आणि देशोदेशी फिरत आपल्यापर्यंत आली आहे. हे ऐकून आबा घाबरण्याऐवजी खूश झाले. एवढ्या लांबून निघालेली गोष्ट बोरझिऱ्याला वगळून पुढे गेली असती तर त्यांना ते लागलं असतं.

संध्याकाळी ग्रामपंचायतीत बैठक होऊन नेत्ररक्षण समिती स्थापन झाली. अध्यक्ष आबा, चिटणीस मी. गावात पेपर घेणारा आणि तो शेवटच्या पानापर्यंत वाचणारा मी एकटाच, त्यामुळे दुसरं नाव निघालंच नाही. मी नको नको म्हणालो. फार वेळ म्हणालो नाही.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं व्हयनं. पन बाजरीनी निंदनी कोन करी?" मोठी गोष्ट सांगावी आणि या बाईने तिला शेताच्या बांधावर नेऊन बसवावं, हे बावीस वर्षं चाललं आहे.

बुधवार, २९ जुलै

शाळेचा जादाचा फळा रस्त्याकडच्या भिंतीला टांगला. वर लिहिलं : 'आपल्या शंका, समितीची उत्तरे.' लोकांनी येऊन तोंडी विचारायचं, मी लिहायचं. दिवसभरात सतरा प्रश्न आले. एवढी ज्ञानाची भूक गेल्या अकरा वर्षांत वर्गात दिसली नाही.

डोळे आलेल्या माणसाने म्हैस दोहली तर दूध चालतं का? (चालतं. उकळून घ्यावं.) वांगं खावं का? (वांग्याचा काही संबंध नाही. या उत्तराने मी गावात फारच लोकप्रिय झालो आहे.) डोळ्यात स्वतःच्या लघवीचा थेंब घालावा असं शेवाडीचा एक बुवा सांगतो, ते खरं का? (नाही. बुवाने आधी घालावा.) आरशात स्वतःचे आलेले डोळे पाहिले तर परत येतात का?

या शेवटच्या प्रश्नाने मला अडकवलं. पेपरात याबद्दल एक अक्षर नाही. 'आरसा शक्यतो टाळावा' असं लिहून मोकळा झालो.

गुरुवार, ३० जुलै

आबांचे डोळे आले. मी बसून शांतपणे विचार केला. छगनने आबांच्या डोळ्याला बोट लावलं नव्हतं. नुसती दाढी केली होती, तीही अर्धी. मग लागण झाली कशी? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं, दुसरं काही घडलेलंच नाही. म्हणजे लोक म्हणतात तेच खरं, हा रोग नजरेने लागतो. समितीचा नियम क्रमांक एक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला : 'आलेल्या डोळ्यांत कोणीही पाहू नये.'

पेपरात 'हात धुवावेत' असंही छापलं होतं. पण आमची माणसं जेवायच्या आधी हात धुतातच, ते काय सांगायचं.

शुक्रवार, ३१ जुलै

आज ग्रहण होतं. आमच्याकडे ढगांत सूर्यच दिसला नाही. खग्रास ग्रहण रशियात लागलं. गावात मात्र बोलवा आहे की त्यामुळेच डोळे आले. मी फळ्यावर लिहिलं की डोळे सोमवारी आले आणि ग्रहण शुक्रवारी लागलं. शेजारची झुंबरबाई काठी टेकत आली, मला ते मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाली, "मंग ग्रहनले आधीच मालूम व्हई." 

रविवार, २ ऑगस्ट

आजचा दिवस माझा. कल्पना माझी, अंमलबजावणी माझी. दोंडाईच्याच्या बाजारातून ग्रामपंचायतीसाठी सहा काळे चष्मे आणले. ज्याचे डोळे आले आहेत आणि ज्याला बाहेर पडल्याशिवाय गत्यंतर नाही, त्याने शाळेत येऊन सही किंवा अंगठा करून चष्मा न्यायचा, काम झालं की परत आणायचा, म्हणजे पुढच्याला देता येतो. प्रत्येक चष्म्याच्या दांडीवर पांढऱ्या रंगाने एक ते सहा आकडे घातले. आलेला डोळा झाकला की नजर भिडत नाही, नजर भिडली नाही की रोग जागच्या जागी थांबतो.

दुपारपर्यंत सहाही चष्मे गावात फिरायला लागले. तीन नंबरचा चष्मा एकट्या आजच्या दिवसात सात जणांनी घातला. एक जण दूध घालायला, एक पिठाच्या गिरणीत, एक तर नुसता मारुतीच्या पारावर मिरवायला. ज्यांचे डोळे आलेच नाहीत असे दोघे तिघेही रांगेत होते. त्यांचं म्हणणं, आधीच घातलेला बरा. दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे.

मंगळवार, ४ ऑगस्ट

रोगी चाळीस. रविवारी नऊ होते. साथीचा जोर चष्म्यांच्या मानाने फारच जास्त आहे. आणखी सहा मागवावे लागतील असं आबांना सांगितलं.

दुपारी सौ. बाजरीतून परत आली ती उजव्या डोळ्यावर पदर दाबून. म्हणाली, "निंदता निंदता बाजरीनं पातं लागनं डोयामा. भलतंच चरचरस." मी ओसरीवरूनच म्हणालो, थांब, पुढे येऊ नकोस. बाजरी दरवर्षी असते आणि तिला पातीही दरवर्षी असतात. डोळा याच वर्षी लाल झाला. गावात चाळीस जणांना साथ लागली आणि हिला म्हणे पातं लागलं. चारचौघांसारखं आजारी पडणं काही लोकांना कमीपणाचं वाटतं.

वहीत नोंद केली : क्र. ४१. वय एकोणचाळीस. लागण ४ ऑगस्ट. 'बरे झाल्याची तारीख' हा रकाना मोकळा ठेवला. साधारण सात दिवस लागतात.

चिटणिसाच्याच घरात नियम मोडला तर गावाला काय तोंड दाखवायचं? माझं अंथरूण शाळेच्या ऑफिसात हलवलं. जेवणाचं ताट तिने दारात ठेवायचं आणि मागे व्हायचं, मग मी उचलायचं. बोलायचं झालं तर मी भिंतीकडे तोंड करून बोलणार. आबांनी बैठकीत याचा खास उल्लेख केला. "चिटनीस असा पाहिजे," म्हणाले. मला संकोच वाटला.

बुधवार, ५ ऑगस्ट

झुंबरबाईने आज सौ.बद्दल विचारलं, "गुरुजी, बठ्ठासना दोन्ही डोया उनात. शेवंतानाच एक कसा?"

खरं सांगायचं तर मलाही हे जरा खटकलं. पण दुसराही येईल. कोणाचे दोन्ही एकदम येतात, कोणाचे मागेपुढे.

गुरुवार, ६ ऑगस्ट

सौ. दाराआडून म्हणाली, "आयकतस का? बठ्ठासना दुखस तसं हाई नही. रातभर ठनकस. दिवाना उजेड बी सहन व्हत नही." मी भिंतीला सांगितलं की दुखणं प्रत्येकाला आपलंच मोठं वाटतं.  शिंदखेड्याला किंवा धुळ्याला न्यावं का, असा विचार मनात येऊन गेला. पण चिटणिसाने बायकोला धुळ्याला नेलं हे कळलं असतं तर सकाळी अर्धं गाव एसटीत बसलं असतं. घबराट पसरवणं हे समितीचं काम नाही.

तरी मी स्वस्थ बसलो नाही, हे इथे नमूद करतो. शाळा सुटल्यावर सायकलने दोंडाईच्याला गेलो. रतिलालच्या औषधांच्या दुकानात तिची सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, हे थेंब घाला. लाल डोळा चार दिवसांत पांढरा. वीस वर्षं दुकानात बसतोय, डॉक्टरला विचारायची गरज नाही." बाटली दारात ठेवून, दिवसातून चार वेळा, असं भिंतीला सांगितलं.

रविवार, ९ ऑगस्ट

आज कानबाई बसली, आमच्या खानदेशची श्रावणातली देवी. सुरतेची, मुंबईची सगळी पोरं सासुरवाडीसकट गावात उतरली. आमच्या भाऊबंदांची कानबाई यंदा आबांच्या घरी. समितीपुढे दुपारी एक नाजूक प्रश्न आला. देवीचं नारळ डोळे रेखून चौरंगावर बसतं. समोर रात्रभर शंभर सव्वाशे माणसं बसणार, त्यांत कितीतरी लाल डोळ्यांची. नियम क्रमांक एकचं काय करायचं? आबांचं मत पडलं की एक चष्मा देवीला राखून ठेवावा, पाच नंबरचा नवीनच दिसतो. मीही जवळजवळ तयार झालो होतो. झुंबरबाईने काठी आपटली. "मायले कसाना चष्मा? ती बठ्ठा गावले दखस. तुम्हीनच तिनापुढे मुंडी खाले घाला." ठराव बारगळला. चष्मा एका मुंबईच्या जावयाला दिला.

रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याचा, स्वयंपाक बायकांनी छान केला. खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी. दरवर्षी रोटाचे गहू सौ. निवडते आणि गाणीही तीच उचलते. तिने पहिली ओळ उचलल्याशिवाय बाकीच्यांना पुढचं आठवत नाही. यंदा ती घरात, दार लावून, अंधारात. मधूनच इकडच्या बायका अडखळल्या, तर दोन घरं पलीकडून, आतून, तिचा आवाज आला. पुढची ओळ तिने सांगितली आणि गाणं पुन्हा लागलं.

मला बरं वाटलं. गाणं सुचतं म्हणजे दुखणं उताराला लागलं.

मंगळवार, ११ ऑगस्ट

कानबाई काल सकाळी बोळवली. आज रोगी एकशे बारा. पाहुणे परत गेले, जाताना डोळे घेऊन गेले. सहा चष्म्यांवर एवढा भार पडला की त्यांतल्या दोन चष्म्यांच्या दांड्या तुटल्या. त्या दोऱ्याने बांधून पुन्हा वापरात आणल्या.

बुधवार, १२ ऑगस्ट

झुंबरबाई, जी कोणताही नियम पाळत नाही आणि जिचे डोळे अजून आलेले नाहीत (म्हातारपणी डोळ्यांत रोगाला धरायला काही उरत नसावं, चष्माही तिने घ्यायचं नाकारलं, म्हणाली दुसऱ्याचं उष्टं मी तोंडाला लावत नाही), ती सौ.कडे डोकावून आली. म्हणाली लाली पुष्कळ उतरली. रतिलाल बोलला तसंच झालं. वहीत पेन्सिलीने लिहिलं : 'उतार.'

संध्याकाळी सौ.ने दाराआडून एक विचित्र प्रश्न विचारला. "आज धुई पडेल शे का?" मी म्हणालो, ऑगस्टात कुठली धुई? मग धुकं कसं तयार होतं, हवेतली वाफ थंड कशी होते, आमच्याकडे ते थंडीतच का पडतं, हे तिला भिंतीकडे तोंड करून नीट समजावून सांगितलं. सातवीच्या भूगोलात आहे. तिने शेवटपर्यंत ऐकलं. "बरं," म्हणाली.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

छगन बरा झाला, आबा बरे झाले. पहिल्या चाळिसांपैकी छत्तीस बरे. सौ.चे दहा दिवस झाले. माझ्या मनात राहून राहून एक गोष्ट येते, ती इथे लिहून टाकतो, वही कोणी वाचत नाही. उद्या झेंडावंदन झालं की एकदा आत जाऊन बघावं का? नियम मीच केला आहे. पण मला स्वतःला अजून लागण झालेली नाही ती नियमामुळेच. आता शेवटच्या टप्प्यात मोडायचा?

उद्या ठरवू.

शनिवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन उत्तम झालं. पुढच्या रांगेतल्या चौघांनी काळे चष्मे घालून सलामी दिली, दिसायलाही बरं दिसलं. मी अर्धा तास बोललो. विषय : 'राष्ट्राची दृष्टी.'

राखीपौर्णिमाही आजच. सौ.चा धाकटा भाऊ मगन पारोळ्याहून आला. तो बाजार समितीत तोलाई करतो. शिक्षण चौथी. मी शाळेतून घरी पोचलो तेव्हा तो पाटावर बसला होता आणि ती त्याला ओवाळत होती. नियम त्याला माहीत नव्हता, किंवा माहीत असून त्याने पाळला नसता. मी दाराबाहेर, पाठमोरा.

आतून मगनचा आवाज आला. "अक्का, टिया कोठे लावस? भुवईवर लागना." ती हसली, पुन्हा बोट बुडवलं. मग तो म्हणाला, "आते ते कानवर लावा ना तू."  मग तबक खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अक्का, तुना डोयामा हाई धवयं काय शे?"

तो बाहेर आला. त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "दाजी, डोयामा वाटानाएवढं धवयं दिखस. तुम्हीन दखं नही का?"

मी नियम सांगितला. समितीचं सगळं सांगितलं. सात ते दहा दिवस लागतात, कोणाला बारा लागतात, सोमवारी शाळा सुटली की बघू, असंही म्हणालो. "तुमना नियम घाला चूलमा!" तो ओरडला. अख्ख्या गल्लीने ऐकलं. राखी हाताला तशीच अर्धी बांधलेली, तिला धरून तो दुपारच्या एसटीत बसवून धुळ्याला घेऊन गेला. माझ्या समोरून गेली. पदर तोंडावर होता. मी सवयीने मान फिरवली.

रविवार, १६ ऑगस्ट

मगन अविचारी आहे. लोकांसमोर बोलायची एक रीत असते.

तालुक्याला पाठवायचा साथीचा अहवाल आज पूर्ण करायला घेतला. दोन पानं झाली. पुढे हात चालेना. घरात गेलो. बारा दिवसांनी गेलो. खिडकीला तिने लुगडं बांधून उजेड बंद केला होता. अंथरुणाशी रतिलालची बाटली, पाऊण रिकामी. दिवसातून चार वेळा सांगितलं होतं, तिने एकदाही चुकवलं नसणार. मी सांगितलेलं ती चुकवत नाही.

मंगळवार, १८ ऑगस्ट, धुळे

काल पहिल्या एसटीने आलो. सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात ती शेवटच्या खाटेवर. एका डोळ्याला पट्टी. मगन खाली जमिनीवर झोपला होता, मला पाहून उठून चहा आणायला गेला, बोलला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "पांढरा ठिपका पहिल्यांदा कधी दिसला?" मी म्हणालो, कल्पना नाही. "दिसायला कधीपासून कमी झालं?" मी म्हणालो, वहीत बघून सांगतो. "तुम्ही एकाच घरात राहता ना?" मी होय म्हणालो.

मग त्यांनी सांगितलं ते असं. ही साथ नाहीच. बुबुळाला पातं लागून जखम झाली, जखमेत बुरशी धरली. शेतात राबणाऱ्या बायकांना हे पुष्कळदा होतं. पहिल्या दोन दिवसांत आणलं असतं तर डोळा वाचला असता. आणि वरून जे थेंब घातले, त्यांनी लाली तेवढी गेली, आतली बुरशी मात्र पोसली गेली. "पातं लागलं हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं का?"

मी बाहेर बाकावर येऊन ही वही उघडली. चार ऑगस्टच्या पानावर आहे. माझ्या अक्षरात आहे. तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे आणि त्याखाली मी तिची थट्टा केली आहे. ते पान मी तीन वेळा वाचलं. मला माझी शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

शुक्रवार, २१ ऑगस्ट, धुळे

दर तासाला थेंब घालायचे. पहिल्या दिवशी नर्सने शिकवलं. खालची पापणी बोटाने ओढायची, तिला वर बघायला सांगायचं आणि आपण वीतभर अंतरावरून नीट डोळ्यात बघून थेंब सोडायचा. आधी साबणाने हात धुवायचे. प्रत्येक वेळी. बाईंनी हे एवढ्या वेळा सांगितलं की मी अखेर विचारलं, हात कशासाठी? त्यांनी मला समजावलं. मी हो हो म्हणालो.

बोलता बोलता त्यांनी आमच्या गावात साथ किती पसरली ते विचारलं. मी आकडे सांगितले आणि सहा चष्म्यांची योजना सांगितली, एकेक चष्मा दिवसाला सात सात जणांना पुरवला हेही. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःचा चष्मा काढून पदराने पुसला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. कल्पना त्यांना आवडली असावी, पण सरकारी माणसं उघड कौतुक करत नाहीत.

शनिवार, २९ ऑगस्ट, धुळे

पोळा दवाखान्यातच गेला. मगन पुरणपोळीचा डबा देऊन गेला. आता माझ्याशी बोलतो, थोडं.

दिवसाला चोवीस वेळा तिच्या डोळ्यात बघतो. रात्री नर्स उठवते. बावीस वर्षांत मी हिच्याकडे एवढं पाहिलेलं नाही. मधला पांढरेपणा आता वाढत नाही, पण जातही नाही. काल तिने विचारलं, "काय दिखस?" गावाच्या सतरा प्रश्नांना मी एका दिवसात उत्तरं दिली होती. हिला म्हणालो, कमी होतंय.

"खोटं बोलाले शिकनात तुम्हीन," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. मग म्हणाली, "एक ते शे ना. बाजरीले एक पुरस."

रविवार, ६ सप्टेंबर, बोरझिरे

काल घरी आलो. शेवंताच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बाईंनी सांगितलं, आहे तो डोळा जपा.

गावातली साथ केव्हाच संपली. एकूण दोनशे छत्तीस जणांचे डोळे आले, आमची वस्ती पाचशेची. शेजारच्या गावी, जिथे ना समिती होती ना चष्मे, तिथे साठ सत्तरच. ते गाव मुळातच निरोगी असावं.

सकाळी आबा अहवालाचा कागद घेऊन आले. तालुक्याहून तगादा आहे. सगळे रकाने भरले होते, एकच मोकळा होता : 'साथीत दृष्टी गमावलेल्यांची संख्या.' मी पेन खाली ठेवलं. आबा खाकरले. "गुरुजी, डॉक्टरीनबाईच सांगतीस ना, ती साथ नव्हती. मंग आकडा कसा धरता?" बरोबर आहे. नियमाने पाहिलं तर बरोबर आहे.  शेवटी शून्य लिहिलं आणि खाली सही केली. आबा म्हणाले, अशी नोंद आली तर तालुक्यात गावाचं नाव होईल, कदाचित तुमचा सत्कार ठेवतील.  मी नको म्हणालो नाही.

संध्याकाळी लोक शेवंताला बघायला आले. ओसरीवर दाटी झाली. ती खांबाला टेकून बसली होती, पदर नेहमीसारखा डोक्यावर, तोंड उघडं. झुंबरबाई तिच्या डाव्या हाताला, मी उजव्या हाताला, आबा समोर खुर्चीवर. छगन पायरीपाशीच थांबला होता. त्याला वर यायचं होतं, पण पाय उचलत नव्हता. मान खाली घालून त्याने विचारलं, "वैनी, हाई फूल दखं ते लागस का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आरोग्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय गावाने मला लावली आहे, आणि मीही तोंड उघडलं होतं. पण शेवंताच बोलली.

"नही रे भाऊ. ये, खुशाल दख. यासनी बारा दिन दखं नही, तरी मना डोया गयाच."

ओसरी खो खो हसली. आबा खुर्चीत मागे रेलून हसले, छगन हसत हसत पायरी चढून वर आला. मीही हसलो. मी तिच्या उजवीकडे बसलो होतो, मी हसलो ते तिला दिसणार नाही असं मला वाटलं. तिने अख्खं तोंड माझ्याकडे वळवलं आणि डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.